फरशीखालची तिसरी

मी हाडं बघते. शवागारातली नव्हे, ज्यांच्याबद्दल पोलिसांना आता काही घेणंदेणं उरलेलं नाही, अशी जुनी हाडं. सांगलीत सासरी येऊन मला पस्तीस वर्षं झाली, पण माझ्या घरच्यांनी हा व्यवसाय पाहुण्यांना कधी धड सांगितला नाही. "कॉलेजात शिकवते" एवढ्यावर ते थांबत. सासूबाई तर त्यावर काहीच बोलत नसत. मी उत्खननावरून परत आले की दाराबाहेर पाण्याची बादली आणि कोरडं लुगडं ठेवलेलं असे. मयतीहून आल्यावर ठेवतात तसं.

"दोन हजार वर्षांपूर्वीचं मयत आहे, आई," मी म्हणायचे.

"मयत ते मयत," त्या म्हणायच्या.

त्यांच्याशी वाद घालता येईल इतका पुरावा माझ्याकडे कधीच नव्हता. मी मुकाट्यानं अंगावर पाणी घ्यायचे.

निवृत्त झाल्यावर बादलीचं काम संपलं असं वाटत होतं. मग तीन वर्षांपूर्वी साताऱ्याकडून एका चर्चच्या पाळकांचा फोन आला. गाव साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावरचं. नाव देत नाही. दिलं तर पुढच्या अमावस्येला कुणीतरी लिंबू आणि कुदळ घेऊन हजर होईल.

कंपनी सरकारनं त्या गावाबाहेर काही वर्षं पलटण ठेवली होती. पलटण गेली, तिचं चर्च राहिलं. पुढं ते तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीकडं आलं. आता पंधरा-वीस कुटुंबं असतील. काळ्या दगडाची इमारत, वर कौलं, भोवती उसाची शेतं. त्या वर्षी मंडळीचा मोठा वर्धापन सोहळा होता आणि त्याची तयारी म्हणून नवा पियानो आत आणताना वेदीसमोरची फरशी चार बोटं खचली. पहारीनं ठोकल्यावर पोकळ आवाज आला.

जमिनीतून पोकळ आवाज आला की आमच्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत माणसं एकच निदान करतात: भुयार. ते नेहमी किल्ल्यावर निघतं, त्यातून घोडेस्वार जाऊ शकतो आणि आजोबांच्या वेळेपर्यंत ते उघडं असतं. गावोगावची भुयारं मी मोजत आले आहे. ती सगळी खरी असती तर अजिंक्यतारा केव्हाच खचून राजवाड्याशेजारी येऊन बसला असता. इथंही कंत्राटदारानं भुयार जाहीर केलं आणि त्यावर उपायही सांगितला. भोक पाडायचं, काँक्रीट ओतायचं, वर ग्रॅनाइट. सोहळ्याला आठवडा होता. पाळक मात्र तरुण आणि जरा विचारी होते. चर्चखाली काय आहे ते बघितल्याशिवाय त्यावर सिमेंट ओतणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी मला दोन दिवस मिळवून दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर येणार होता.

मी एसटीनं कराड, कराडहून सातारा आणि तिथून पाळकांच्या मोटारसायकलवर मागे बसून पोचले. साठीनंतर प्रतिष्ठेचा विचार फार करू नये.

चर्चच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या होत्या. पाट्यांवर विश्वास ठेवायचा तर त्या पलटणीत एकही आळशी शिपाई, एकही तापट नवरा आणि एकही कंटाळवाणा माणूस नव्हता. सगळे शूर, सगळे प्रेमळ, आणि प्रत्येकाला इथल्या रयतेनं साश्रू निरोप दिलेला. रयतेची बाजू सांगणारी पाटी कुठं दिसली नाही. वेदीच्या डाव्या हाताला सगळ्यांत मोठी पाटी होती. एका कप्तानाची बायको आणि अकरा महिन्यांचं मूल, दोघंही पटकीनं एकाच आठवड्यात गेलेली. दोघं याच फरशीखाली विसावली आहेत, असं शेवटी कोरलं होतं. म्हणजे भुयाराचा निकाल पाटीवरच लागलेला होता. ती इंग्रजीत आणि उंचावर असल्यामुळं दीडशे वर्षं कुणी वाचली नव्हती, एवढंच.

दाराशी नवी पाटीही टेकवून ठेवलेली होती. सोहळ्याच्या प्रमुख पाहुण्यांची. पाहुण्यांच्या नावाची अक्षरं देवाच्या नावापेक्षा मोठी होती.

मी पाट्या वाचत असताना मागून एक बाई चहा घेऊन आल्या. ऐंशीच्या आसपास, पांढरी साडी, ताठ पाठ, पायात मोजे आणि चपला. नर्सिंग मिरजेत शिकून त्यांनी उभी नोकरी याच पंचक्रोशीत केली होती. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. राहायच्या चर्चच्या आवारातल्याच दोन खोल्यांत, एकट्या.

"तुम्ही हाडं ओळखता म्हणे," त्या म्हणाल्या.

"थोडीफार."

"बाईचं कोणतं, पुरुषाचं कोणतं?"

"बहुतेक वेळा."

"आणि मेमसाहेबाचं कोणतं, आपल्यातलीचं कोणतं?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी चहा खाली ठेवला.

त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. त्यांच्या आजीची आजी कप्तानाकडं आया होती. विधवा, पदरात एक मुलगी. सायबाच्या घरी काम करता करता तिनं बाप्तिस्मा घेतला. पटकी आली तेव्हा बाळाला तिनं मांडीवर घेतलं, मडमेला पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवशी तीही गेली. सायबानं तिला बाहेरच्या मातीत पुरू दिलं नाही. बायकोशेजारी, खाली, चर्चमध्ये ठेवलं. मुलगी मिशनच्या बायकांनी वाढवली. पाच पिढ्या हे आईकडून मुलीला सांगितलं गेलं आणि पाच पिढ्या ऐकणाऱ्यांनी हसून घेतलं.

"मला शाळेत मेमसाहेब म्हणायचे," सिस्टर म्हणाल्या. "मंडळीत अजून म्हणतात. दर ईस्टरला मी त्या फरशीवर फूल ठेवते ना. साहेब काय आयाला बायकोच्या शेजारी झोपवतोय, म्हणतात."

खरं सांगायचं तर मीही मनात तेच म्हणत होते. कौटुंबिक दंतकथा हा माझ्या ओळखीचा आजार आहे. आमच्याकडं प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष लढाईत पडलेला असतो. जुलाबानं गेलेला मूळपुरुष मी अजून ऐकला नाही. पाटीवर दोन माणसं होती. कोरीव पाटी आणि सांगोवांगी यांतलं काय धरायचं, हे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवलेलं.

"सिस्टर, मी बघेन," मी म्हणाले. "पण जे दिसेल तेच सांगेन. तिथं दोघंच असतील तर दोघंच."

"तेच सांगा. सिमेंट पडायच्या आत एवढंच कळू दे, ती तिथं आहे का नाही. माझ्यामागं हे सांगणारं कुणी न्हाई. लग्न केलं नाही मी. नसेल तर नसेल. मग फुलं तरी वाचतील."

हे त्या हसत म्हणाल्या आणि माझा कप उचलून घेऊन गेल्या.

फरशी उचलायला एक निवृत्त सुभेदार आले. गावातल्या मोठ्या बागायतदार घराण्यातले, सैन्यात पूल बांधणाऱ्या तुकडीत आयुष्य गेलेलं. त्यांना कुणी बोलावलं होतं ते पाळकांनाही नीट सांगता येईना. ते सकाळी सातला तीन लोखंडी पाइप, साखळीची कप्पी आणि दोन गडी घेऊन हजर झाले आणि कंत्राटदाराला म्हणाले, "तू सावलीत बस."

सिस्टरना बघून त्यांनी कडक सलाम ठोकला.

"सलाम काय करतोस रं," सिस्टर म्हणाल्या. "शाळेत सुई टोचली तर बाकाखाली लपलावतास. सुभेदार."

"आवं सिस्टर, गडी हायती हितं," सुभेदार हळूच म्हणाले. गडी मान खाली घालून पाइप लावत राहिले.

काम सुरू करायच्या आधी थोरल्या गड्यानं पिशवीतून नारळ काढला. मी पाळकांकडं पाहिलं. पाळकांनी क्षणभर वेदीकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाहेर पायरीवर फोडा. आत मी प्रार्थना करतो." दोन्ही झालं. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. माझ्या आजवरच्या अनुभवात धार्मिक तडजोड इतक्या कमी वेळात झालेली नाही.

दगड उठला तेव्हा खालून कुबट, गार हवा आली. अशा जागी लगेच उतरायचं नसतं. सुभेदारांनी तेही आधीच ओळखलेलं. त्यांच्या मेव्हण्याची कवठे महांकाळला द्राक्षबाग होती. तिथला औषध फवारायचा ब्लोअर त्यांनी धुऊन टेंपोतून आणवला होता. दुपारपर्यंत तो चर्चमध्ये घरघरत राहिला. ज्या यंत्रानं आयुष्यभर द्राक्षांवर बोर्डोचं औषध मारलं ते आता कप्तानाच्या बायकोला ताजी हवा देत होतं. मग सुभेदारांनी कंदील दोरीनं खाली सोडला, तो जळत राहिला, आणि मी शिडीनं उतरले.

तळघर लहान होतं. विटांची कमान, उंची माझ्या खांद्याइतकी, चुन्याचा गिलावा अजून पांढरा. दोन्ही बाजूंना विटांचे ओटे. डाव्या ओट्यावर दोन पेट्या, एक मोठी, एक अगदी लहान. वरचं लाकूड भुगा झालेलं, आतलं शिशाचं अस्तर शाबूत. पाटीवर लिहिल्याप्रमाणं. त्या लहान पेटीकडं मी जास्त वेळ बघितलं नाही. नोंद केली आणि वळले.

उजवा ओटा कप्तानानं स्वतःसाठी बांधून घेतला असावा. त्यावर पेटी नव्हती. माणूस होतं.

उताणं, हात पोटावर. खाली काळ्या लोकरीच्या धाग्यांचा थर. घोंगडं. म्हसवडकडच्या बाजारात आजही मिळतं तसलं खरखरीत, कुरळ्या धाग्याचं. मी ब्रश काढला आणि गुडघ्यांवर बसले. पुढचे तीन तास मला वरचं काही ऐकू आलं नाही.

कमरेचं हाड बाईचं होतं, त्यात शंका नव्हती. वय तीस ते चाळीस. दात झिजून सपाट झालेले. जात्यावर दळलेल्या ज्वारीच्या भाकरीबरोबर दगडाची कच खाल्ली की होतात तसे. आणि पुढच्या दातांवर मिश्रीची काळी पुटं. विलायतेत वाढलेल्या बाईचे दात असे नसतात. म्हणजे सिस्टरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं. ही आपल्यातली.

मग मी मनगटांवरची माती फुंकली, आणि बांगड्या दिसल्या. काचेच्या, हिरव्या, दोन्ही हातांत मिळून नऊ. एकही फुटलेली नाही.

 सिस्टरची आया विधवा होती. इथल्या विधवेच्या हातात हिरव्या बांगड्या कशा असतील? त्या तर नवऱ्याच्या चितेपाशी फोडायच्या. बाई आपल्यातली, पण ही बाई नव्हे. कप्तानाकडं आणखीही नोकर असणार, धोबीण असेल, स्वयंपाकीण असेल, कुणी नवरा असलेली. सिस्टरची गोष्ट फार जवळ येऊन हुकली होती. मला वाईट वाटलं. पण जे दिसेल तेच सांगायचं मी कबूल केलं होतं.

मी वर आले. मोजमापाच्या पट्ट्या खाली राहिल्या होत्या. सुभेदार म्हणाले मी आणतो, आणि शिडी उतरले. सिस्टर पहिल्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसून जे पाहिलं ते क्रमानं सांगितलं. तिसरी बाई आहे, इथलीच आहे. त्यांनी डोळे मिटले. मग मी बांगड्यांचं सांगितलं आणि त्याचा अर्थ काय होतो तेही.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू एखाद्या शिकाऊ नर्सनं थर्मामीटर उलटा धरला असावा.

"ही तुमची शास्त्रं," त्या म्हणाल्या. "अहो, विधवेनं बांगड्या काढायच्या हे तुमच्यात. आमच्यात कुठं? माझी आई विधवा झाली तेव्हा मी आठ वर्षांची. मरेपर्यंत हातभर बांगड्या होत्या तिच्या. बाप्तिस्मा घेतला की बायका पहिलं काय करायच्या, माहितीये? कासाराकडं जायच्या."

 तीस वर्षं मी वर्गात सांगत आले होते, की समोरच्या मयतावर आपल्या घरच्या चालीरीती लादू नका. आणि स्वतः खाली बसून विटांच्या तळघरात, क्रुसाच्या बरोबर खाली, एका ख्रिस्ती बाईला सांगलीच्या सासरचे नियम लावून आले होते.

तरी एक अडचण होतीच, आणि ती मी सिस्टरना सांगितली. हे स्पष्टीकरण बांगड्या सापडल्यानंतर आलं. मागाहून आलेलं स्पष्टीकरण खरं असू शकतं, पण अहवालात ते पुरावा म्हणून टिकत नाही. धोबीण अजून बाद झालेली नव्हती.

"म्हणजे आहे पण आणि नाही पण," सिस्टर म्हणाल्या.

"सध्या तरी."

सुभेदार शिडीवरून वर आले. पट्ट्या आणायला माणसाला दोन मिनिटं लागतात. ते वीस मिनिटं खाली होते. टोपी हातात, केसांवर चुना. ते येऊन दुसऱ्या बाकावर बसले, आमच्याकडं न बघता, वेदीकडं तोंड करून.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या बांगड्यांपायीच घर सुटलं तिचं."

"कुणाचं?"

"आमच्या घरातल्या लेकीचं. खापरपणज्याची भैन म्हनायची. रांडाव झाली, लेकीला घेऊन माहेरी आली. सायबाकडं कामाला जायला लागली. एक दिवस हातात बांगड्या भरून आली. थोरल्यानं सांगितलं, बांगड्या उतरव न्हाईतर घर सोड. तिनं घर सोडलं." ते थांबले. "पटकीत गेली, आन् सायबानं देवळाखाली ठेवली, एवढं आमच्यात म्हाईत हाय. पर बोलायचं न्हाई. आजा म्हनायचा, घराची लाज हाय ती."

सिस्टर पुढं वाकल्या. "तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"ल्हानपनापासून."

"आणि मला उभा जन्म लोक मेमसाहेब म्हणताना ऐकलंस."

सुभेदारांनी टोपी फिरवली. "सिस्टर, घराचं उगडं करायचं म्हंजे... आन् तुमची ती आन् आमची ती एकच आसंल, ह्ये पक्कं कुठं व्हतं? पर आमी तिला इसरलो न्हाई. दरसाल सर्वपित्रीला येक पान जास्त वाढतो. सायबाकडचीचं पान म्हन्त्यात घरात. खीर, वडं, भात, समदं. तिला घरात बोलवायचं न्हाई आसं थोरल्यानं सांगिटलं, म्हून ते पान हितं आनून ठिवायचं. ह्या मागल्या भितीवर."

सिस्टर उभ्याच राहिल्या.

"मागच्या भिंतीवर?"

"व्हय."

"केळीच्या पानात?"

"व्हय."

"ते तू होतास होय रं? अरे, दर वर्षी माझ्या खिडकीसमोर कावळ्यांचा बाजार भरतो. उपासनेत शब्द ऐकू येत नाही. मी ग्रामपंचायतीला अर्ज दिलेत. एक न्हाई, दर वर्षी एक. अज्ञात इसम भिंतीवर खरकटं टाकतो म्हणून."

"म्हाईत हाय," सुभेदार म्हणाले. "दोन साल उपसरपंच व्हतो मी. तुमच्या अर्जावर म्याच शिक्का मारला. नोंद घेतली म्हून."

पाळकांना हसू आवरेना. ते खिडकीकडं गेले. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच काही चाललं होतं.

"ते अर्ज अजून आहेत?" मी विचारलं.

होते. पंचायतीच्या कपाटात, पाणीपट्टीच्या तक्रारींखाली, एका दोऱ्यात बांधलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसेवकानं ते काढून दिले. सिस्टरच्या सुवाच्य, तिरप्या अक्षरात सव्वीस अर्ज. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या अर्जाचा कागद पिवळा पडून कडा तुटत होत्या. प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर गोल शिक्का. मजकुरात चर्चची मागची भिंत, केळीचं पान, त्यातले पदार्थ आणि कावळे यांचा उल्लेख. एका वर्षी त्यांनी रागानं असंही लिहिलं होतं, की खिरीत वेलदोडा घातलेला असतो, म्हणजे टाकणारा चांगल्या घरचा असावा.

आयुष्यभर मी शिलालेख, ताम्रपट, नाणी यांच्या नकला चिकटवलेले अहवाल लिहिले. इतका चोख पुरावा मला क्वचित मिळाला. एका घरात आईकडून लेकीला सांगितलेलं, की आमची आया फरशीखाली आहे. दुसऱ्या घरात लाजेनं दडपलेलं, की आमची लेक तिथं आहे. दोन घरं याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोललेली नाहीत. आणि दगड उचलायच्या कितीतरी वर्षं आधीपासून, एका घराच्या आठवणीची लेखी नोंद दुसऱ्या घरानं, ती आठवण काय आहे हे माहीत नसताना, सरकारदरबारी तक्रार म्हणून करून ठेवलेली. धोबीण बाद झाली.

अर्जांच्या छायाप्रती मी अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडल्या. मुख्य वाक्य लिहायला मला एक तास लागला. शेवटी एवढंच लिहिलं: उजव्या ओट्यावरील दफन स्थानिक स्त्रीचे असून, ती कप्तानाच्या घरातील आया असल्याची दोन स्वतंत्र कुटुंबांची परंपरा उपलब्ध पुराव्याशी जुळते. 'जुळते' हा माझ्या धंद्यातला फार मोठा शब्द आहे. सिस्टरना तो फार लहान वाटला.

"म्हणजे आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. अहवालाबाहेर बोलायला मला कुणी बंदी केलेली नव्हती.

त्या उठून फरशीच्या काठापर्यंत गेल्या. खाली उतरण्याजोगे गुडघे नव्हते. सुभेदारांनी बॅटरी खाली धरली आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला. सिस्टर बराच वेळ वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "हात केवढुसे आहेत." आणि आणखी थोड्या वेळानं, "दंड सोड रं, पडत न्हाई मी." पण सुभेदारांनी सोडला नाही आणि सिस्टरनी पुन्हा सांगितलं नाही.

मिक्सर आला तेव्हा सुभेदार फाटकात उभे होते. सिमेंट ओतलं जाणार नव्हतं. त्यांनी आदल्या दिवशीच वहीत आराखडा काढून ठेवला होता: कमानीच्या दोन्ही अंगांना दगडी टेकू, वर दोन लोखंडी तुळया, त्यावर जुनीच फरशी. नदीवर रणगाडे नेणारे पूल बांधलेल्या माणसाला पियानो म्हणजे काय. कंत्राटदारानं थोडी कुरकुर केली. सुभेदारांनी त्याला पुन्हा सावलीत बसायला सांगितलं. त्या तिघांना आम्ही जिथं होती तिथंच ठेवलं. एक बांगडीसुद्धा वर आणली नाही.

सोहळा ठरल्या दिवशी झाला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि तासभर बोलले. त्यांच्या भाषणात किल्ला आला, भुयारही आलं. कुणीतरी त्यांना जुनी माहिती दिली होती. टाळ्या वाजल्या. मंडळीतल्या ज्या बायका इतकी वर्षं हसत होत्या त्यांतल्या दोघी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की तसं बघितलं तर त्यांच्याही पणजीच्या पणजीचा आयाबाईशी काहीतरी संबंध होता. अपेक्षितच होतं. आठवड्याभरापूर्वी जिला फरशीखाली जागा नव्हती तिला आता नातेवाईक पुरत नव्हते. पहिल्या रांगेत सिस्टर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी सुभेदारांच्या पत्नी, नऊवारीत, प्रत्येक गीताला चुकीच्या वेळी उभ्या राहत.

जेवणानंतर पाळकांनी पाटीचा विषय काढला. कप्तानाच्या पाटीखाली एक लहान दगड बसवायचा, तिसरीचा. त्यावर काय कोरायचं?

"तिचं नाव," सिस्टर म्हणाल्या.

"काय नाव?"

सिस्टरनी सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदारांनी सिस्टरकडं. एका घरानं तिला पाच पिढ्या आयाबाई म्हटलं होतं, दुसऱ्यानं सायबाकडची. नाव कुणालाच माहीत नव्हतं. इतका वेळ ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

"आयाबाईच कोरू," पाळक म्हणाले.

"ती नोकरी झाली," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या थडग्यावर नर्स लिहाल का?"

मग सुभेदार सावकाश म्हणाले, "हेळव्याकडं आसंल."

पाळक नगरकडचे, त्यांना हेळवी माहीत नव्हता. सुभेदारांनी समजावून सांगितलं. हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ सांभाळणारा. कर्नाटकाच्या बाजूनं येतो, चार-पाच वर्षांतून एकदा, सुगी झाल्यावर. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर. दारात बसून घराण्याच्या सगळ्या पिढ्या वाचून दाखवतो, नव्या जन्मांची नोंद करतो, धान्य आणि कपडे घेऊन पुढच्या गावी जातो. त्याच्या बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या वह्या त्याच्याकडं असतात.

"लेकींची नावं लिहितो का?" मी विचारलं. सवयीनं शंका आधी येते.

"कुठं दिली त्ये लिवतो. म्हंजे नाव आसंलच की. घराबाहीर काढायच्या आदी दिलीवती ना तिला." ते बोटांवर काहीतरी मोजत होते. "यंदा यायला पायजे त्यो. मागल्या बारीला नातवाचं नाव घालून गेलाय."

 साडीचा पदर नीट करत, कुणाकडंही न बघता सिस्टरनी विचारलं, "तो हिंदूंचीच लिहीत असेल ना? म्हणजे, तिच्या लेकीपासून पुढं आमचं सगळं मला तोंडपाठ आहे. माझ्यापर्यंत. पण तो लिहील का?"

"लिवंल की," सुभेदार म्हणाले. "न लिवून जातोय कुठं. आजपातूर अर्दीच लिवलीया त्यानं आमची. आत्या, तुमी त्या दिवशी घरी या म्हंजे झालं. सकाळच्यालाच या, जेवायला थांबा."

आत्या हा शब्द त्यांनी सहज वापरला की ठरवून, ते मला कळलं नाही. सिस्टरनीही काही दाखवलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "खीर असेल का?"

"आसंल."

"वेलदोडा कमी घाला म्हणावं सुनेला," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं वास घेतेय मी. जास्त होतो."